अपघातांची नोंद अचूक हवी

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातून पुणे, मनमाड व कल्याणकडे जाणाऱ्या मार्गांवर मालमोटारींची, तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींची वर्दळ असते. अपघातानंतर केवळ ‘ट्रक’ एवढीच नोंद झाली, तर वाहनातील भार, मागील परावर्तक पट्टी, चालकाची विश्रांती हे तपशील हरवतात. आयआयटी मद्रासने विकसित केलेली ‘आयरॅड’ प्रणाली २०२१ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रथम सुरू झाली. तीत पोलीस घटनास्थळावरूनच मोबाईलद्वारे छायाचित्रांसह माहिती भरतात. परिवहन, आरोग्य व रस्ते विभाग आपापली भर घालतात. नोंद अपुरी राहिल्यास मात्र सारा दोष चालकाच्या माथी येतो आणि अंधारातील विनादिव्याची ट्रॉली वा धोक्याचे वळण तसेच राहते.