साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत साताऱ्याच्या एका हायस्कुलाची हकिगत कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु ज्या लोकवर्गणीतून आपण श्रींचे मंदिर नव्याने उभे केले, तशाच लोकांच्या आधारावर रयतेच्या मुलांसाठी हे विद्यामंदिर उभे राहिले. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगणे उचित होईल.

या हायस्कुलाचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्या काळी हायस्कुले शहरांतून असत. खेड्यातील मुलाजवळ फीला पैसे नसत, शहरात राहण्यास जागा नसे आणि अस्पृश्य मानलेल्या मुलास तर कोणी पंक्तीला घेत नसे. ही अडचण ओळखून भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली, एकत्र जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या कार्यात सौ. लक्ष्मीबाईंचा त्याग विसरता येणार नाही. जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले आपली मानली. मुलांच्या अन्नासाठी तिने अंगावरचे दागिने एकामागून एक दिले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगात धान्य उरले नाही, तेव्हा तिने गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली तिचे निधन झाले. पुढे दहा वर्षांनी निघालेले हायस्कूल पाहण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

१९४० साली भाऊरावांनी साताऱ्यास 'महाराजा सयाजीराव मोफत व वसतियुक्त हायस्कूल' सुरू केले. आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारे बडोद्याचे महाराज १९३९ साली निवर्तले होते; त्यांचेच नाव या शाळेस दिले. रयत शिक्षण संस्थेचे हे पहिले हायस्कूल होय. येथे फी नव्हती, पण फुकटेपणाही नव्हता. मुलांनी शेतात राबावे, पडेल ते अंगमेहनतीचे काम करावे व त्या कष्टावर शिकावे, अशी 'कमवा आणि शिका' योजना होती. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य तेथे रोजच्या आचरणात होते. पाटलाचा मुलगा व महाराचा मुलगा एकाच बांधावर काम करून एकाच वर्गात बसत.

१९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा मोठाच कठीण प्रसंग आला. त्या वेळी खेड्यापाड्यांतील लोकांच्या मदतीवर काम तगून राहिले. पुढे अनुदान पूर्ववत झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता व पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही पदवी दिली होती. २०१९ साली संस्थेस १०० वर्षे पूर्ण झाली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह असून त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्रभर रुजल्या आहेत.

मंदिर एकदा बांधून भागत नाही, रोजची दिवाबत्ती करावी लागते. शाळेचेही तसेच आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस अशाच एखाद्या हायस्कुलातून बाहेर पडला असेल. तेव्हा ज्या उदार हातांनी या जीर्णोद्धारास देणगी दिली, त्यांनी आपल्या गावचा एकही मुलगा वा मुलगी पैशावाचून शाळेबाहेर राहणार नाही, एवढी काळजी वाहावी. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाही. तशी सद्बुद्धी श्री आपणा सर्वांस देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.