दिवेलागणीनंतरचा अंधार : 'अ' जीवनसत्त्वाचा इतिहास आणि आपले ताट



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींची एक सवय त्यांच्या विद्यार्थ्यांना आजही आठवते. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा नीट दिसतो की नाही, हे विचारल्यावाचून ते धडा सुरू करीत नसत. दृष्टी हे विद्येचे पहिले द्वार आहे, ही जाणीव त्या साध्या प्रश्नामागे होती. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी दृष्टी आणि अन्न यांच्या संबंधाचा इतिहास निवडला आहे. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या हैदराबाद शहरातच लिहिले गेले, हे त्याचे दुसरे कारण.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याला आपण 'नंबर लागणे' म्हणतो, तो दोष डोळ्याच्या घडणीतला असतो. तो आहाराने जात नाही, त्याला चष्माच लागतो. आहाराच्या उणिवेने येणारे आंधळेपण निराळे. त्याची सुरुवात दिवेलागणीला होते. दिवसभर हुंदडणारे मूल संध्याकाळी एका जागी बसून राहते, पुढ्यातले ताट चाचपडते, उंबऱ्याला अडखळते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो आणि त्यावर फेसासारखे ठिपके दिसू लागतात. बोर्दो येथील बिटो या फ्रेंच वैद्याने १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. तेथेही उपाय झाला नाही, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटतो आणि मूल कायमचे आंधळे होते. गोवरासारखा ताप आला तर हा सारा प्रवास काही दिवसांतच संपतो.

या रोगावरील उपाय माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. इ. स. पूर्व सुमारे १५५० च्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये डोळ्यांच्या विकारावर यकृताचा उपयोग सांगितला आहे. ग्रीक वैद्यकात हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांनी रातांधळेपणासाठी बैलाचे यकृत खावयास सांगितले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर बोकडाच्या यकृताची योजना आढळते. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या वैद्यकपरंपरा एकाच पदार्थापाशी येऊन थांबल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. यकृतात नेमके काय आहे, हे त्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. तरीही अनुभवाने दिलेले उत्तर बरोबर होते.

मग प्रश्न असा पडतो, की उपाय ठाऊक असूनही मुले आंधळी का होत राहिली? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत पुरतेपणी सापडत नाही. त्यासाठी बाजाराकडे आणि गरिबाच्या चुलीकडे पाहावे लागते.

जपानमध्ये १९०४ साली मोरी नावाच्या वैद्याने या रोगाने पीडित अशा सुमारे दीड हजार मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले मुख्यत्वे धान्य व भाजीपाल्यावर वाढलेली होती. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील मुलांमध्ये मात्र हा रोग दिसत नव्हता. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि कोंबडीचे यकृत दिल्यावर मुले बरी झाली. आहारात स्निग्ध पदार्थ कमी पडल्याने हा रोग होतो, असा निष्कर्ष मोरी यांनी काढला. तो अपुरा होता, पण दिशा योग्य होती.

याहून बोलका प्रसंग डेन्मार्कमधला आहे. दुधालोण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा देश पहिल्या महायुद्धाच्या काळात आपले लोणी ब्रिटन व जर्मनीला विकत होता. घरच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध आणि वनस्पती तेलापासून केलेले मार्गारीन येत होते. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे त्या वर्षांत डोळे कोरडे पडलेली, बुबुळे फुटलेली मुले एकामागून एक येऊ लागली. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडविला. लोण्याची निर्यात रोडावली आणि मार्गारीनचा कच्चा मालही येईना. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने देशातील लोणी माफक दरात शिधावाटपाने देण्यास आरंभ केला. १९१८ मध्ये हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. युद्ध संपले, लोणी पुन्हा परदेशी जाऊ लागले आणि १९१९ मध्ये रोगी पुन्हा दिसू लागले. नवे औषध निघाले नव्हते, नवा वैद्य आला नव्हता. लोणी कोणाच्या ताटात पडते, एवढाच काय तो फरक होता. ज्या देशात दुधाची वाण नव्हती, तेथे दुधातल्या सत्त्वावाचून मुले आंधळी झाली. या इतिहासातला सर्वांत मोठा धडा मला येथेच दिसतो.

त्याच सुमारास प्रयोगशाळांतून या सत्त्वाचा शोध चालू होता. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी, आणि स्वतंत्रपणे ऑसबोर्न व मेंडेल यांनी दाखविले, की लोण्यात असा एक घटक आहे की ज्यावाचून उंदरांची वाढ खुंटते. डुकराच्या चरबीत वा ऑलिव्हच्या तेलात तो नाही. पुढे त्यालाच 'अ' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. भाज्या व फळांतील पिवळ्या रंगद्रव्याचे, म्हणजे कॅरोटीनचे, शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनते, हे टॉमस मूर यांनी १९३० च्या सुमारास सिद्ध केले. पॉल कारर यांनी त्याच काळात या दोन्ही द्रव्यांची रचना उलगडली. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जॉर्ज वॉल्ड यांना १९३३ मध्ये डोळ्याच्या दृष्टिपटलातच हे जीवनसत्त्व सापडले. मंद प्रकाशात पाहण्यासाठी लागणारे ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे रंगद्रव्य त्यापासून बनते. ते संपले की अंधारात दिसेनासे होते. सुश्रुताच्या काळापासून चालत आलेल्या उपायाचे कारण असे विसाव्या शतकात उमगले.

आता आपल्या शहराकडे वळू. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर संस्थेच्या एका खोलीत, बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक छोटे केंद्र सुरू केले. तेच वाढत जाऊन पोषण संशोधन प्रयोगशाळा बनले आणि १९५८ मध्ये हैदराबादेत तारनाक्याला आले. त्या वेळी तिचे संचालकपद डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होते, याचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. १९६९ पासून ही प्रयोगशाळा राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.

साठच्या दशकात डॉ. सी. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने एक सोपी युक्ती तपासून पाहिली. 'अ' जीवनसत्त्व यकृतात साठून राहते. तेव्हा त्याची मोठी मात्रा एकदम पाजली, तर ती मुलाला काही महिने पुरेल, असा त्यामागील विचार होता. क्षेत्रीय चाचण्यांतून तो खरा ठरला. १९७० मध्ये भारत सरकारने एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लक्ष एककांची मात्रा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आज ही मात्रा नवव्या महिन्यापासून, गोवराच्या लसीबरोबर, निम्म्या प्रमाणात सुरू होते. राष्ट्रीय पोषण निरीक्षण केंद्राच्या पाहणीत बिटोचे ठिपके असलेल्या बालकांचे प्रमाण १९७५-७९ मध्ये १.८ टक्के होते, ते १९८८-९० मध्ये ०.७ टक्क्यावर आले. मात्र हे श्रेय एकट्या औषधाचे नाही. लसीकरण वाढले, दुष्काळात लोकांना अन्न पोहोचू लागले, याचाही त्यात वाटा आहे.

याच कार्यक्रमातून पुढे एक वाद उद्भवला. आल्फ्रेड सॉमर यांनी १९८६ मध्ये इंडोनेशियातील आचे प्रांतातील चाचणीतून दाखविले, की या मात्रेने बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. हैदराबादेच्या संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तशी घट आढळली नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लक्ष मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही लक्षणीय घट दिसली नाही. डॉ. गोपालन यांनी तर उत्तरायुष्यात आग्रहाने सांगितले, की मोठी मात्रा हा तात्पुरता आधार आहे, खरा उपाय अन्नाचाच. ज्यांच्या काळात हा उपाय सिद्ध झाला, त्यांनीच त्याच्या मर्यादा सांगाव्यात, यात शास्त्रज्ञाचा प्रांजळपणा दिसतो. औषधाचा चमचा ही नदीवर टाकलेली फळी आहे. तिच्यावरून पलीकडे जायचे असते, तिच्यावर घर बांधायचे नसते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची उणीव आढळली, म्हणजे पलीकडचा तीर अद्याप पूर्णपणे गाठलेला नाही.

तो तीर आपल्या ताटात आहे. शेवग्याची पाने, माठ, पालक, मेथी, अंबाडी, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा आणि पपई यांत कॅरोटीन भरपूर आहे. दूध, लोणी, अंडी आणि यकृतात ते जीवनसत्त्व तयार रूपातच मिळते. येथे दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे कॅरोटीन स्निग्धतेवाचून अंगी लागत नाही, म्हणून पालेभाजीला थोड्या तेलाची फोडणी हवीच. दुसरी अशी, की अन्नातले सुमारे बारा मायक्रोग्रॅम कॅरोटीन खाल्ले, तेव्हा एक मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व मिळते, असे २००१ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी ठरविले. पूर्वी हे प्रमाण सहास एक मानले जाई. म्हणून चिमूटभर भाजी चाटवून भागत नाही, ती ताटात वाटीभर हवी.

अतिरेकाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाचे वैमानिक रात्री शत्रूची विमाने टिपतात ते गाजरे खाऊन, असा प्रचार झाला. खरे कारण विमानात बसविलेल्या रडारचे होते. ज्याला जीवनसत्त्वाची उणीव नाही, त्याची दृष्टी गाजरांच्या राशीने अधिक तीक्ष्ण होत नाही. गोळ्यांचेही तसेच. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाने, ज्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वार्धक्याने झिजू लागला होता अशा रुग्णांत, रोग बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. मोतीबिंदूवर मात्र परिणाम झाला नाही. धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे १९९४ व १९९६ च्या अभ्यासांत आढळले होते, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याजागी ल्युटीन व झिॲझँथीन आले. यावरून एवढेच ध्यानात घ्यावे, की ही औषधे विशिष्ट रोग्यांसाठी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावयाची आहेत. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक तर यकृताला आणि गर्भातील बालकालाही घातक ठरू शकतो.

मित्रहो, या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. मुलांची दृष्टी केवळ ज्ञानाच्या अभावी गेली नाही. ज्ञान होते, पण ते ताटापर्यंत पोहोचले नाही. डेन्मार्कमध्ये लोणी होते, ते जहाजांत भरले गेले. आपल्या परसात शेवगा आहे, त्याच्या शेंगा आमटीत जातात आणि पाला मात्र बहुधा जमिनीवर पडतो. शाळेने आपल्या आवारात शेवग्याचे एक झाड लावावे, मधल्या सुट्टीच्या डब्यात आठवड्यातून दोन दिवस तरी पालेभाजी असावी, आणि दिवेलागणीला एखादे मूल अडखळत असेल तर शिक्षकांनी व आईवडिलांनी ते ओळखून त्याला त्वरित वैद्याकडे न्यावे, एवढे झाले तरी खूप होईल.

'तुला दिसते ना रे?' हा गुरुजींचा प्रश्न फळ्यापुरता नव्हता, असे मला वाटते. तो आपण आपल्या मुलांना दिवेलागणीलाही विचारला, तर त्यांचे स्मरण सार्थकी लागले असे होईल.