पडद्यावरील नॉब आणि हरवलेला डावा हात

१९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत एक मूग सिंथेसायझर दाखल झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तेथे उभारून दिला आणि पुढील दोन-तीन वर्षे गीता साराभाई प्रभृतींनी त्यावर ध्वनिमुद्रणे केली. वडोदऱ्याच्या इतक्या जवळ घडलेली ही हकीकत आपल्यापैकी फारशा कोणाच्या गावी नसावी, याचे नवल वाटते.

त्या यंत्रास पडदा नव्हता. कपाटासारख्या चौकटीत निरनिराळे भाग बसवलेले. ते वायरींनी जोडावयाचे आणि नॉब हाताने फिरवून नाद घडवावयाचा. वायरी उपसल्या की तो नाद गेला! १९७० च्या मिनीमूगने या जोडण्या आत कायमच्या करून टाकल्या आणि नॉबांना डावीकडून उजवीकडे असा क्रम दिला. आधी नाद उत्पन्न करणारे तीन ऑसिलेटर, मग त्यांचे मिश्रण, मग नादातील तीक्ष्णता कमीजास्त करणारा फिल्टर. नाद ज्या वाटेने जातो त्याच वाटेने डोळाही जावा, अशी ही मांडणी होती. आज संगणकावरील सिंथेसायझरपुढे प्रथमच बसणाऱ्यानेही आधी ही वाट शोधावी. बाकीची सजावट मागाहून कळते.

१९७८ मध्ये आलेल्या प्रॉफेट-५ ने चाळीस नाद स्मरणात ठेवण्याची सोय केली. सोय मोठी, परंतु तिच्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. साठवलेला नाद बोलावला तरी नॉब आपल्या जुन्याच जागी उभा राही. डोळ्यांना एक दिसे, कानांना दुसरेच ऐकू येई. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने तर नॉब जवळजवळ काढूनच टाकले. सपाट बटणे, एक लहानशी खिडकी आणि आकडे बदलण्यासाठी एकच सरकपट्टी. परिणामी पुष्कळ वादक कारखान्यातून भरून आलेल्या नादांवरच समाधान मानू लागले.

१९९९ साली स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी प्रणालीची दुसरी आवृत्ती आली आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्येच वाद्ये वाजू लागली. पडद्यावर नॉब परतले, पण चित्ररूपाने. या चित्रांची चेष्टा पुष्कळ होते. ती मला अर्धीच पटते. नाद बोलावताच चित्रातील नॉब आपसूक योग्य जागी वळतो, म्हणजे प्रॉफेटच्या नॉबाने गमावलेला खरेपणा चित्राने परत मिळवला. बहुतेक ठिकाणी तो गोल फिरवावा लागत नाही. माउस दाबून वर-खाली ओढला की पुरे. सूक्ष्म फरकासाठी शिफ्ट किंवा कंट्रोल ही कळ सोबत धरावी लागते.

गेला तो डावा हात. मिनीमूगवर उजवा हात स्वर वाजवी आणि डावा फिल्टर उघडी, किंवा स्वर वाकवण्याचे चाक फिरवी. आपल्या सतारियाचा डावा हात मींड काढतो, त्याच्याशी हे नाते दूरचे नाही. माउसला मात्र एका वेळी एकच नॉब धरता येतो, आणि स्वर वाजताना नजर पडद्यावर खिळते. यावर उपाय म्हणून अनेक सॉफ्टवेअरांत ‘मिडी लर्न’ ही सोय असते: पडद्यावरील नॉब निवडावा, कीबोर्डवरील खराखुरा नॉब हलवावा, दोघांची गाठ पडते. तथापि १९८३ च्या मूळ मिडी संकेतात अशा नॉबास सामान्यतः ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या मिळतात. फिल्टर अगदी सावकाश उघडला तर त्या पायऱ्या कधी कधी कानांना जाणवतात, म्हणून सॉफ्टवेअर त्या घासूनपुसून सलग करते. मींडेवर वाढलेल्या कानास हा सांधा चटकन कळावा.

२०१८ मध्ये मूग कंपनीने आयपॅडसाठी मिनीमूग काढला. मांडणी १९७० चीच, आणि काचेवर दोन बोटांनी दोन नॉब एकदम हलवता येतात. फक्त बोटाखाली नॉब लागत नाही.