शाळामास्तरांचा तपास

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं निघोज्यात राहिलो. खेड तालुक्यातलं हे गाव आता चाकण एमआयडीसीत मिसळून गेलंय. फोक्सवॅगन, महिंद्रासारख्या कारखान्यांच्या पत्त्यात त्याचं नाव येतं. जिथे शेतं होती, तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश असा सगळा मुलूख एका जिन्यावर भेटतो. आमच्याही इमारतीत अशाच बारा खोल्या होत्या.

एकदा घरमालकिणीचा मोबाईल गायब झाला. अर्ध्या तासात सगळ्यांच्या नजरा तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीकडे वळल्या. तिथे महिन्याभरापूर्वी दोन मुलं राहायला आली होती. कंत्राटी वेल्डर, उत्तर प्रदेशातले, एकाला दाढी. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी उत्तर ठरलं होतं. ‘चौकीवर सांगा, तेच बघून घेतील,’ असं एकजण म्हणाला. मीही तिथेच उभा होतो. माझं नाव सगळ्यांना माहीत असल्यामुळे मी गप्प राहणं पसंत केलं, हे आज कबूल करतो.

वरच्या मजल्यावर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या खाली आल्या आणि त्यांनी मालकिणीला दोनच गोष्टी विचारल्या. फोन शेवटचा कधी हातात होता? आणि तेव्हा घरात कोण होतं? मग त्यांनी मालकिणीच्या पाचवीतल्या मुलाकडे पाहिलं. एरवी जिन्यावर दंगा करणारा तो पोरगा सकाळपासून कोपऱ्यात बसून होता. बाई त्याला बाजूला घेऊन गेल्या. दहा मिनिटांत गव्हाच्या डब्यातून फोन निघाला. गेम खेळताना हातातून पडून काच फुटली होती आणि माराच्या भीतीने त्याने तो लपवला होता.

सगळे हसले आणि पांगले. त्या दोन मुलांना मात्र कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली.

योगायोग असा, की त्या दिवसांत मी कंपनीच्या बसमध्ये एक जुनी इंग्रजी रहस्यकथा वाचत होतो. अमेरिकी लेखक स्टुअर्ट पामर यांची ‘द पेंग्विन पूल मर्डर’, १९३१ साली आलेली. तिच्यातल्या हिल्डगार्ड विदर्स या न्यूयॉर्कच्या एका शाळेतल्या बाई. वयाने प्रौढ, अविवाहित, हातात छत्री. वर्गातली मुलं घेऊन त्या मत्स्यालय दाखवायला जातात आणि तिथे पेंग्विनच्या हौदात एका शेअर दलालाचं प्रेत सापडतं. इन्स्पेक्टर ऑस्कर पायपर येतात. मेलेल्या माणसाच्या बायकोवर आणि तिच्या जुन्या मित्रावर संशय जातो. पण बाईंचं समाधान होत नाही आणि त्या तपासात शिरतात. पुढच्याच वर्षी या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि पामर यांनी बाईंना घेऊन अनेक कादंबऱ्या लिहिल्या.

शाळेतली बाई हेर कशी होऊ शकते, असा प्रश्न निघोज्यातला तो प्रसंग पाहिल्यावर मला पडला नाही. शिक्षकाला रोज चाळीस-पन्नास चेहरे वाचावे लागतात. कोण खोटं बोलतंय, कोण दुसऱ्याचं पाप अंगावर घेतंय, हे तो हजेरी घेता घेता ओळखतो. त्याला अक्षर ओळखता येतं. कॉपी पकडता येते, आणि ती कशी, हे प्रत्येक शिक्षक सांगेल. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं असेल तर काही बिघडत नाही. चूक सारखी निघाली, तीच काना-मात्रा दोघांची हुकली, की मास्तर चष्मा पुसतात. शिवाय त्यांच्याकडे काठी असली तरी कोठडी नसते. त्यामुळे त्यांना विचारूनच खरं काढावं लागतं.

रहस्यकथेचा इतिहास पाहिला तर शिक्षक तिच्या मुळाशीच बसलेला दिसतो. आर्थर कॉनन डॉयल एडिंबरा इथे डॉक्टरकी शिकत असताना त्यांना डॉ. जोसेफ बेल शिकवायचे. समोर आलेल्या रुग्णाचे हात, बूट, चाल पाहून त्याचा धंदा आणि तो कुठून आला, हे बेल विद्यार्थ्यांपुढे सांगत. १८८७ साली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधून शेरलॉक होम्स जगासमोर आला, तो या मास्तरांची सवय घेऊनच. डॉयल यांनी ते ऋण उघडपणे मान्य केलं होतं.

आपल्या उपखंडात तर हेरकथेचा बादशहाच शाळामास्तर होता. इब्ने सफी, मूळ नाव असरार अहमद. जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातला. १९४९ ते १९५२ या काळात ते अलाहाबादमध्ये शाळेत शिकवत होते. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही, असं मित्रांच्या बैठकीत कुणीतरी म्हटलं आणि त्यांनी ते आव्हान समजून घेतलं. १९५२ च्या मार्चमध्ये ‘जासूसी दुनिया’ मालिकेतली पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ आली. फरीदी आणि हमीद ही जोडी घराघरांत पोहोचली. त्याच वर्षी इब्ने सफी पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तकं अलाहाबादहून निघतच राहिली. १९५५ पासून ‘इमरान’ मालिका सुरू झाली. १९८० साली ते गेले, तोवर दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या होत्या.

या पुस्तकांची एक गंमत आहे आणि ती नुसती गंमत नाही. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. धंद्याच्या हिशोबाने केलेला बदल असेल तो. पण मला त्यात नंतरच्या काळाची चाहूल दिसते. गुन्ह्याचा छडा लावणाऱ्याचं नाव काय असावं आणि संशयिताचं काय असावं, हे वाचकाच्या मनात आधीच ठरलेलं असतं.

मराठीत काय आहे? आमच्या घरात उर्दू हेरकथांच्या शेजारी बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं असायची. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांनी दोन पिढ्यांना वाचायला लावलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. म्हणजे शाळकरी हेर आपल्याकडे आहे. शाळामास्तरही आहेत, पु. लं.च्या चितळे मास्तरांवर महाराष्ट्राने जीव लावला. पण मास्तरच तपासाला निघालेत, अशी गाजलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

कादंबरीत नसलेले हे मास्तर महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र आहेत. त्यांचं नाव अब्दुल वाहिद शेख.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. ऑफिसातून घरी निघालेली साधी माणसं होती ती, सगळ्या धर्मांची. दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांवर मोक्का लावून खटला भरला. त्यांत वाहिद शेख होते, मुंबईतल्या शाळेतले शिक्षक. पाकिस्तानातून आलेल्यांना आसरा दिला, असा त्यांच्यावर आरोप होता.

तुरुंगात ते नऊ वर्षं राहिले. तिथे या मास्तरांनी कायद्याचा अभ्यास केला, आरोपपत्र वहीसारखं तपासलं, साक्षी आणि तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या. ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं आणि एकट्या वाहिद शेख यांची निर्दोष मुक्तता केली. इतरांपैकी पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली.

सुटलेला माणूस घरी जाऊन दार लावून बसला असता, तर कुणी दोष दिला नसता. वाहिद शेख पुन्हा शिकवू लागले आणि आत राहिलेल्यांसाठी त्यांनी तपास चालूच ठेवला. २०१७ साली त्यांचं ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक आलं. तपास यंत्रणेचा दावा काय आणि कागद काय सांगतात, हे त्यांनी त्यात मांडलं. कोठडीतल्या छळाविषयीही लिहिलं. २०२२ साली त्यांच्यावर ‘हिमोलिम्फ’ नावाचा सिनेमा आला.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्व १२ जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतला एकजण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, असं म्हटलं. साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प का होते? ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकार होता का? बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हे तरी ठरलं का? आणि आरोपींचे कबुलीजबाब? त्यांतला काही मजकूर एकमेकांशी जुळणारा, उतरवल्यासारखा होता, याची न्यायालयाने नोंद घेतली. हे वाचताना मला पेपर तपासणारे मास्तर आठवले.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, असा आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही, हेही सांगितलं. सरकारचं अपील तिथे दाखल झालं आहे. कायद्याची वाट अजून संपलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण एक प्रश्न आपल्याला आजच विचारता येतो. हे बारा जण नसतील, तर ते कोण होते? लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांनी एकोणीस वर्षं उत्तर मिळालं असं समजून काढली. रहस्यकथेचा साधा नियम आहे. चुकीचा माणूस पकडला की खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. निरपराधाचं आयुष्य जातंच, पण ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचाही इन्साफ हुकतो. मुसलमानांच्या बाजूने बोलणं आणि स्फोटात मेलेल्यांच्या बाजूने बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं आपल्याला भासवलं जातं. तपास नीट व्हावा, ही मागणी दोघांचीही आहे.

आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या मोहल्ल्यात काही घडलं की नवख्या, परप्रांतीय, गरीब माणसाकडे बोट दाखवणारे आपल्यातही असतात. त्या दिवशी निघोज्यात मी बोट दाखवलं नाही, पण हात खिशात घालून उभा राहिलो. बाई खाली आल्या नसत्या, तर त्या दोन मुलांची नावं चौकीच्या वहीत गेली असती. एकदा वहीत गेलेलं नाव पुढच्या प्रत्येक चोरीच्या वेळी उघडलं जातं.

मराठीत कुणीतरी ती कादंबरी लिहावी, असं मला मनापासून वाटतं. चाकणच्या पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, खोल्यांच्या रांगा, तीन पाळ्यांत चालणारा कारखाना आणि लाल शाईचा पेन घेऊन संशयाचे पेपर तपासणाऱ्या एक बाई. फक्त शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट विसरू नये. फोन सापडल्यावर कुणीतरी तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीचं दार वाजवावं आणि त्या दोन मुलांची माफी मागावी. आम्ही ती मागितली नाही.