गेट आणि पोस्ट म्हणजे काय? ब्राउझर सर्व्हरशी कसा बोलतो?

ऑनलाइन फी भरताना पान अडकतं, आपण रिफ्रेश करतो आणि ब्राउझर विचारतो, फॉर्म पुन्हा पाठवायचा का? बहुतेक जण न वाचताच 'हो' दाबतात. या एका टॅपने पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.

ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं एचटीटीपी या नियमावलीनुसार चालतं. प्रत्येक विनंतीची सुरुवात एका शब्दाने होते. सर्व्हरने काय करायचं, हे सांगणारा हा शब्द म्हणजे रिक्वेस्ट मेथड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत अशी एकच मेथड होती, गेट. हेड आणि पोस्ट नंतर आल्या.

गेट म्हणजे 'अमुक पान दे'. तुम्ही लिंकवर टॅप करता तेव्हा गेटच जाते. यात माहिती पत्त्यातच, प्रश्नचिन्हापुढे जोडली जाते. म्हणून सर्चच्या निकालाची लिंक मित्राला पाठवता येते. आणि म्हणूनच पासवर्ड गेटने पाठवू नये, कारण पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या नोंदींत राहून जातो. पोस्टमध्ये माहिती विनंतीच्या आत असते. पण 'पोस्ट म्हणजे सुरक्षित' हा गैरसमज आहे. एचटीटीपीएस नसेल तर तीही वाटेत वाचता येते.

खरा फरक वेगळाच आहे. गेटने फक्त माहिती आणायची, सर्व्हरवरचं काही बदलायचं नाही. हा नियम पाळणं मात्र वेबसाइट बनवणाऱ्याच्या हाती. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर आणला. वेग वाढवण्यासाठी तो पानावरच्या लिंक तुम्ही टॅप करण्याआधीच गेटने उघडून ठेवायचा. काही वेब ॲपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंकच होती! ॲक्सिलरेटरने तीही उघडली आणि लोकांचा डेटा उडाला.

असे अदृश्य टॅप आजही होतात. व्हॉट्सॲपवर लिंक टाकताच फोटो आणि शीर्षक दिसतं, कारण ॲप स्वतःच ते पान मागवतं. ईमेल तपासणारी सॉफ्टवेअरही लिंक उघडून पाहतात. त्यामुळे कोणी आपोआप अनसबस्क्राइब होऊ नये म्हणून २०१७ च्या मानकात एका टॅपचं अनसबस्क्राइब पोस्टनेच करायचं ठरलं.

पुट, पॅच, डिलीट, ऑप्शन्स अशा आणखी मेथड आहेत, पण त्या मुख्यतः प्रोग्रामरच्या कामाच्या. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पुट किंवा डिलीट दोनदा गेली तरी शेवटची स्थिती तीच राहते, पोस्टची तशी खात्री नाही. चांगल्या साइट प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी पोस्ट नाकारतात. तुमची साइट तसं करते का, हे बाहेरून कळत नाही. तेव्हा पान अडकलं तर आधी बँकेचा मेसेज आणि साइटवरची पेमेंट हिस्टरी पाहा, मगच पुन्हा पैसे भरा.