आरंभकाळातील विमान-अपघात : एक दुर्लक्षित इतिहास

विमानविद्येचा इतिहास आपल्याकडे बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंनी केलेले उड्डाण, १९०९ मध्ये ब्लेरिओने ओलांडलेली इंग्लिश खाडी, १९२७ मध्ये लिंडबर्गने एकट्याने केलेला अटलांटिक-प्रवास, ही नावे आणि ही वर्षे विद्यार्थ्यांच्या ओठांवर असतात. या विक्रमांच्या मधल्या काळात जी विमाने कोसळली त्यांची नोंद मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या वाक्यापलीकडे जात नाही. आमच्या मते ही उणीव लहान नाही. विमान उडवावे कसे हे माणूस उड्डाणांतून शिकला. परंतु विमानात निर्धास्तपणे बसता यावे ही गोष्ट त्याला पडलेल्या विमानांनी शिकविली.

या शिक्षणास प्रारंभी मोठा अडथळा होता तो माणसाच्या मनाचा. ‘पाऊस पडला’ असे आपण म्हणतो, त्याच वळणाने ‘अपघात झाला’ असेही म्हणतो. त्या वाक्यात कोणी कर्ता नाही, कोणते कारण नाही. जे घडले ते दैवाने घडले, किंवा साहसाचे मोल म्हणून ते चुकवावेच लागते, अशी त्या काळच्या युरोप-अमेरिकेतही सर्वसाधारण समजूत होती. गेलेल्या वैमानिकास हुतात्मा ठरवून पुष्पचक्र वाहिले की समाजाचे कर्तव्य संपत असे. हुतात्म्याचा गौरव करणे सोपे असते. त्याच्या विमानाची कोणती तार तुटली हे शोधणे कष्टाचे असते.

जर्मनीतील ओटो लिलिएंथाल हा या परंपरेतील पहिला मोठा बळी. त्याने आपल्या ग्लायडरांतून सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनच्या वायव्येस असलेल्या एका टेकडीवरून उड्डाण करताना त्याचे यान हवेत थबकले आणि सुमारे ५० फुटांवरून खाली आले. दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. ही वार्ता ऐकून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. डेटनमधील दोन सायकल-दुकानदार बंधूंनी मात्र एक प्रश्न विचारला. लिलिएंथाल आपले शरीर इकडेतिकडे झुकवून यानाचा तोल सांभाळीत असे. तेवढ्याने वाऱ्याच्या झोतापुढे निभाव लागेल काय? या प्रश्नाच्या पाठपुराव्यातूनच राइट बंधू पंखांना पीळ देऊन तोल राखण्याच्या युक्तीपर्यंत पोहोचले.

पुढे या बंधूंवरच तसा प्रसंग ओढवला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑरव्हिल राइट सैन्याधिकाऱ्यांसमोर आपल्या विमानाची परीक्षा देत होता. शेजारी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा २६ वर्षांचा अधिकारी बसला होता. काही फेऱ्या झाल्या आणि मागून ठकठक असा आवाज येऊ लागला. क्षणार्धात विमान नाकावर जमिनीकडे झेपावले. सेल्फ्रिजच्या कवटीस जबर इजा होऊन त्याच संध्याकाळी तो मृत्यू पावला. यंत्रशक्तीने चालणाऱ्या विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला मनुष्य होय. ऑरव्हिलची डावी मांडी मोडली, बरगड्या मोडल्या. त्याची बहीण कॅथरिन डेटनच्या शाळेत लॅटिन शिकवीत असे. ती शाळेतून रजा घेऊन तत्काळ निघाली आणि अनेक आठवडे भावाच्या उशाशी बसून राहिली.

त्या रुग्णशय्येवर जे घडले ते आम्हांस त्या उड्डाणाहून अधिक महत्त्वाचे वाटते. विमानाचे मोडके भाग ऑरव्हिलपुढे आणण्यात आले आणि त्याने अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांची छाननी केली. एका प्रॉपेलरच्या पात्यास लांबीच्या दिशेने चीर गेली होती. त्यामुळे त्याचा जोर कमी झाला, यंत्रणा थरथरू लागली, प्रॉपेलरचा आधार हलला आणि मागील सुकाणूस ताणून धरणाऱ्या तारेवर पाते आदळले. तार तुटली, सुकाणू कलंडले आणि विमानाचा ताबा गेला. दोष आपण स्वतः घडविलेल्या वस्तूत आहे हे त्याने मान्य केले आणि तो भाग सुधारला. १९०९ च्या जुलैत दोघे बंधू त्याच मैदानावर परतले, राहिलेली परीक्षा त्यांनी पूर्ण केली आणि ऑगस्टच्या आरंभी सैन्याने ते विमान स्वीकारले. जवळच आर्लिंग्टनच्या स्मशानभूमीत सेल्फ्रिज चिरनिद्रा घेत होता.

परंतु प्रत्येक विमानकर्ता ऑरव्हिलसारखा असेलच असे नाही. आणि ज्याची वस्तू, त्यानेच तिचा न्याय करावा ही रीत फार काळ चालणारी नव्हती. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथच्या मेळाव्यात चार्ल्स रोल्स, म्हणजे सुप्रसिद्ध मोटारींच्या नावातील रोल्स, शेपटीचा भाग मोडून हजारो प्रेक्षकांदेखत मरण पावला. १ जुलै १९१२ रोजी बोस्टनजवळ हॅरिएट क्विंबी ही अमेरिकेतील पहिली परवानाधारक स्त्री-वैमानिक व तिचा सहप्रवासी हे दोघेही विमान हवेत असतानाच बाहेर फेकले गेले. त्यांना आसनाशी बांधणारे पट्टे नव्हते. एवढ्या साध्या पट्ट्याची आवश्यकता पटण्यासही माणसे मरावी लागली.

त्याच वर्षी, १३ मे १९१२ रोजी, इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे एक विमान पडून चालक व प्रवासी दोघेही दगावले. या वेळी रॉयल एरो क्लबने रीतसर चौकशी केली, साक्षी घेतल्या आणि अहवाल प्रसिद्ध केला. शेपूट खाली झुकलेल्या धोक्याच्या स्थितीत विमान वळविणे ही चालकाची चूक होती, असा निष्कर्ष त्यात होता. निष्कर्षाहून पद्धतीचे मोल अधिक होते. विमानाचा मालक नव्हे, वृत्तपत्र नव्हे, तर तिऱ्हाइतांच्या एका मंडळाने पुरावा पाहून लेखी मत दिले. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत, १९१५ मध्ये, ब्रिटिश सैन्याने कॅप्टन कॉकबर्न यांस अपघातांचा निरीक्षक नेमले, आणि ‘हे का घडले?’ असे विचारणे हा एका अधिकाऱ्याचा नित्याचा व्यवसाय झाला.

कारण शोधणारा मनुष्य नेमला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. त्याचे ऐकणाराही असावा लागतो. ‘आर १०१’ या हवाई जहाजाची कथा या दृष्टीने मननीय आहे; आणि तिचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. ब्रिटिश सरकारने बांधलेले हे प्रचंड जहाज इंग्लंडहून कराचीस यावयाचे होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि जहाज ठेवण्यासाठी तेथे भव्य शेड व ते बांधण्यासाठी उंच मनोरा उभारलेला होता. जहाज अपेक्षेपेक्षा जड भरले, म्हणून त्यास मधोमध कापून आणखी एक भाग जोडण्यात आला आणि त्याची लांबी ७७७ फूट झाली. १९३० च्या जुलैत मॅक्वेड नावाच्या तपासनिसाने वरिष्ठांस लेखी कळविले की, आतील हायड्रोजनच्या पिशव्या सांगाड्यावर घासून त्यांना भोके पडत आहेत, सबब उड्डाणाच्या परवान्याची मुदत वाढविण्याची शिफारस आपण करू शकत नाही. त्या पत्रावर वरिष्ठांनी मत मागविले ते जहाज बांधणाऱ्यांचेच! पिशव्यांना गाद्या बांधल्या म्हणजे भागेल, असे उत्तर आले आणि विषय मिटला.

हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन यांस हिंदुस्थानची फेरी करून लंडनमधील साम्राज्य-परिषदेसाठी ऑक्टोबरातच परतावयाचे होते. दुरुस्तीनंतरची चाचणी २४ तासांची ठरली होती, ती सुमारे १७ तासांत आटोपली. पूर्ण वेगाची परीक्षा झालीच नाही. ४ ऑक्टोबर १९३० च्या सायंकाळी, उड्डाणयोग्यतेचा दाखला नुकताच हाती पडलेला असताना, जहाज वादळी हवेत निघाले. रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ते जमिनीस टेकले आणि हायड्रोजनने पेट घेतला. ५४ जणांपैकी ४८ मरण पावले; त्यांत मंत्रिमहाशयही होते.

चौकशीचे अध्यक्षपद सर जॉन सायमन यांजकडे आले. ज्यांच्या आयोगास आपल्या देशाने दोनच वर्षांपूर्वी काळी निशाणे दाखविली होती, तेच हे सायमन. राजकारणातील त्यांच्याविषयीचे आपले मत काहीही असो, या चौकशीत त्यांनी खात्याची भीड धरली नाही हे सांगितले पाहिजे. पुढच्या एका पिशवीतून एकाएकी वायू गेल्यामुळे जहाजाचे नाक खाली गेले, हे तांत्रिक कारण त्यांच्या अहवालाने नोंदविले. त्याबरोबरच, सार्वजनिक धोरणाची निकड नसती तर जहाज त्या दिवशी निघाले नसते, असेही त्यात स्पष्ट म्हटले. पिशवी फाटण्यापूर्वी तपासनिसाचा शब्द डावलला गेला होता, आणि अपघाताचा आरंभ तेथेच झाला होता.

अमेरिकेस हाच धडा ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस प्रांतात मिळाला. फोकर कंपनीचे एक प्रवासी विमान पडून आठ जण ठार झाले. त्यांत फुटबॉलचे लोकप्रिय शिक्षक न्यूट रॉकनी हेही होते. सरकारी खाते तोवर अपघातांची कारणे उघड करण्यास नाखूश असे. परंतु जनतेच्या क्षोभापुढे त्यास बोलावे लागले, आणि बोललेले एकदोनदा बदलावेही लागले. अखेर संशय लाकडी पंखावर स्थिरावला: आत दमटपणा शिरून डिंकाचे सांधे सुटत होते आणि बाहेरून ते दिसण्याची सोय नव्हती. लाकडी पंखांचा काळ संपत आला. सर्वस्वी धातूची प्रवासी विमाने लवकरच पुढे आली.

शेवटचे उदाहरण ३० ऑक्टोबर १९३५ चे आहे. डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचे चार एंजिनांचे नवे बाँबफेकी विमान उडताच कोसळले आणि दोघे कसलेले वैमानिक त्यात प्राणास मुकले. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली कडी काढावयाची राहून गेली होती. वैमानिक निष्काळजी होते असे म्हणून प्रश्न मिटविता आला असता. तसे न करता, एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रात मनुष्याच्या स्मरणावर विसंबू नये, असे ठरले आणि उड्डाणापूर्वी वाचावयाची तपासयादी तयार झाली. आज जगातील प्रत्येक वैमानिक, कितीही अनुभवी असला तरी, तशी यादी वाचल्याविना विमान हलवीत नाही.

या चाळीस वर्षांचे सार पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत उतरले. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने अपघात-चौकशीची जी नियमावली स्वीकारली तिच्या परंपरेत आज हे तत्त्व सर्वमान्य आहे की, चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा होय, कोणाच्या माथी दोष मारणे हा नव्हे.

शिक्षकवर्गास आमची विनंती एवढीच की, राइट बंधूंचे पहिले उड्डाण शिकविताना रुग्णशय्येवर मोडके पाते तपासणारा ऑरव्हिलही विद्यार्थ्यांस दाखवावा, आणि ज्याचे पत्र दप्तरी पडले त्या मॅक्वेडचे नावही सांगावे. उत्तरपत्रिकेवरील तांबडी फुली ही शिक्षा नसून पुढच्या प्रयत्नाची वाट आहे हे शिक्षकास कोणी सांगावयास नको. यंत्रयुगास मात्र ते कित्येक चितांच्या उजेडात शिकावे लागले.