इमारती साहित्याचा पुनर्वापर (मराठवाडा)

पाडलेल्या घराचे दगड, लाकूड, विटा, पत्रे व माती दुसऱ्या बांधकामास लावणे. बीड जिल्ह्यातील सिरसाळा (ता. परळी) व आसपासचा मुलूख माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांचा, असे घर पाडण्यापेक्षा उकलले जाते. मातीत रचलेल्या भिंतीचा दगड अखंड सुटतो, चुन्यातली वीट खरवडून पुन्हा लागते. सिमेंटमधली वीट सांध्याआधी फुटते. नव्या घरांच्या राड्यारोड्याला भाव नसण्याचे मूळ कारण हेच.

लाकूड : सर्वांत मोलाचा माल. उकलणी वरून खाली होते : पांढरी माती, किलच, तुळया, खांब, शेवटी दगडी तळखडे. सागवानी तुळई खिळ्यांऐवजी खाचेत कुसू घालून बसवलेली असेल तर ती दुसऱ्या घरात जशीच्या तशी चढते. लांबी कमी पडली की तिची चौकट होते. माती चाळून नव्या माळवदावर पसरत. स्लॅब आले आणि ती गरज संपली. (त्याआधी या मातीसाठी गढ्या व जुनी टेकाडे पोखरली गेली, हे पुरातत्त्वाचे नुकसान वेगळेच.) कोरीव खांब-दरवाजे आता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जातात. संग्रहालयीन पुनर्वापराचे ठळक उदाहरण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल. कोथरूडच्या वास्तूचे अवशेष आणून तो उभारला आहे.

किल्लारी : 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे जीवघेणी ठरली. मात्र काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. ज्या सैल जोडणीमुळे दगड सहज परत मिळतो, तीच हादऱ्यात घात करते. पुनर्वसनात 52 गावे हलवली गेली. नव्या वसाहतींत सरकारी घराला पडवी किंवा खोली जोडताना अनेकांनी जुन्या गावातले लाकूड-दगड वापरले.

मध्ययुगीन बांधकामे : दौलताबादच्या जामा मशिदीतील (1318) खांब पूर्वीच्या देवालयांतले असल्याचे सामान्यतः मानले जाते.

पुनर्चक्रण : राडारोडा दळून खडी-वाळू करण्याचे काम मुख्यतः महानगरांत चालते. आयएस 383 : 2016 या भारतीय मानकानुसार एम-25 पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये पुनर्चक्रित काँक्रीटची खडी 20 टक्क्यांपर्यंत चालते. केंद्राच्या 2016 च्या बांधकाम-कचरा नियमांनी मोठ्या राडारोडा-निर्मात्याची मर्यादा दिवसाला 20 टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला 300 टन ठरवली होती. खेड्यातले एखादे घर तीत क्वचितच बसे.